पहिलं गिलकं

आईनं ते खुडलं तेव्हा मी अंघोळ करत होते. आदल्या रात्रीच मी मनाशी ठरवलं होतं, उद्या सकाळी उजेड पडला की काढायचं. चांगलं वीतभर झालं होतं, अंगावरच्या रेघा नुकत्या गडद व्हायला लागल्या होत्या आणि टोकाला सुकलेलं फूल अजून चिकटून होतं. डोक्याला पंचा गुंडाळून तशीच गच्चीत आले, तर मांडवाखाली नुसता देठ आणि त्याच्या टोकाशी पाण्याचा थेंब. आई स्वयंपाकघरात चहा गाळत होती. "ते ना, खालच्या ताईंना देऊन आले," ती म्हणाली. दूध संपलंय हे ज्या आवाजात सांगावं, अगदी त्या आवाजात. खालच्या ताई म्हणजे ज्यांच्या बेडरूमच्या छताला आमच्या गच्चीमुळे ओल येते त्या. त्यांचं म्हणणं खोटं नाही. पोपडे धरलेल्या छताचे फोटो मी पाहिलेत, सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर सगळ्यांनीच पाहिलेत. त्यात आमच्या कुंड्यांचा वाटा किती आणि मुळातल्या कच्च्या वॉटरप्रूफिंगचा किती, यावर सभेत बराच काथ्याकूट झालाय. जिन्यात समोरासमोर आलो तर आम्ही एकमेकींच्या हातातल्या पिशव्यांकडे बघतो. अशा बाईंच्या दारात माझी आई सकाळी सातला एक गिलकं घेऊन उभी. आणि त्या काय म्हणाल्या, तर "घोसाळं का? आमच्याकडे कुणी खात नाही. बरं, ठेवा." हेही आईनंच सांगितलं, आणि वर हसली.

मला राग आला. एका गिलक्यावरून आपल्या आईवर रागावण्याचं माझं वय नाही हे दिसत होतं, तरी आला, आणि ऑफिसात दुपारपर्यंत टिकला. डबा उघडला तेव्हा त्यात मेथी होती, मंडईतली, तिच्यावरही राग निघाला.

देवाला ठेवलं असतं तर एवढं लागलं नसतं. शेजारच्या लहान पोराला हौसेनं दिलं असतं तरी चाललं असतं. पण जिच्या तक्रारीमुळे मी गेलं वर्षभर गच्चीत चोरासारखी पाणी घालते, जिच्या घरी ते कुणी खातही नाही, तिला? आणि एकुलतं एक? पहिल्या तोडणीचं दुखणंच हे असतं की ती कशालाच पुरत नाही. पहिल्या दिवशी भेंडी निघते एक. दोन दिवसांनी आणखी दोन. तोवर पहिली फ्रिजमध्ये मऊ पडते. तिन्ही मिळून आमटीत जातात आणि ताटात नेमकी कुणाच्या वाटीत आली ते सगळे चमच्यानं शोधतात. मिरच्या तेवढ्या बऱ्या, एक मिळाली तरी काम भागतं. गिलकं एक असलं तर निदान चार भजी होतात. मी भज्यांचा हिशेब करून ठेवला होता: दोन आईला, एक नवऱ्याला, एक मला. बेसन भिजवायचं तेवढं राहिलं होतं.

बी आईनंच आणलं होतं, फेब्रुवारीत, गावाहून, राखेत घोळवून जुन्या पाकिटात घातलेलं. चपटं काळं बी. ते रुजलं, चढलं, एप्रिल लागता लागता हिरव्या जाळीच्या मांडवावर पसरलं आणि फुललं. फुलं सगळी नराची. घोसच्या घोस, पिवळीधमक, दुपारपर्यंत मलूल होऊन गच्चीभर पडायची, आणि मी रोज ती झाडून काढायची. मादीचं फूल एकेकटं येतं आणि त्याच्या मागे इवलंसं गिलकं आधीपासूनच असतं, करंगळीच्या पेराएवढं. पराग मिळाला तर ते वाढतं, नाही मिळाला तर दोन-तीन दिवसांत पिवळं पडून गळतं. आमच्याकडे मधमाश्या येतात, पण त्यांच्या येण्याचा नेम नाही. मग नराचं फूल तोडायचं, पाकळ्या मागे दुमडायच्या आणि मधला परागाचा गोंडा हलक्या हातानं मादीच्या फुलात टेकवायचा. हे करायचं तर भल्या पहाटे, कारण गिलकं पहाटे फुलतं. शेजारच्या कुंडीतला दोडका नेमका उलटा, त्याची फुलं संध्याकाळी उमलतात. म्हणजे उठल्यावर गिलकं आणि ऑफिसातून आल्यावर दोडका. मुंग्यांनी तर वेलावर मुक्कामच ठोकला होता. सुरुवातीला मी मावा पडला म्हणून घाबरले. पण गिलक्याचा वेल फुलांबाहेरही, पानांच्या आणि कळ्यांच्या बुडाशी, गोड रस पाझरतो आणि मुंग्या त्यावर येतात. त्यांना झटकलं नाही तरी चालतं. त्या वेलाची राखणच करतात म्हणे. टोमॅटोनं मात्र मार्चच्या अखेरीस हात टेकले. पारा ३५ अंशांच्या वर राहायला लागला की त्याचे पराग निकामी होतात; फुलं येतात, दिसतात छान आणि गळून जातात. बोटांना पानांचा तो उग्र हिरवा वास आणि पिवळट डाग तेवढे मिळाले.

तर एवढं सगळं करून धरलेलं ते पहिलं फळ. पुढची दोन-तीन अजून बोटाएवढी होती.

आमचं गाव गिरणेच्या काठचं, भडगावच्या पुढचं. उन्हाळ्यात तिथं ४३-४४ म्हणजे काही विशेष नाही. दुपारी घराच्या भिंतीला पाठ लावता येत नाही आणि अंगणातली पत्र्याची बादली उचलायची तर पदरानं धरून. अशा उन्हात आजीकडे गिलकी असायची, आणि त्यासाठी ती काही वेगळं करायची नाही. शेतातल्या विहिरीच्या थारोळ्याशी, म्हणजे मोटरचं पाणी पडतं त्या हौदाशी, जिथे पाइपच्या जोडातून आणि दांडाच्या फुटक्या कडेतून सारखं पाणी झिरपायचं, तिथे ती चार बिया टोचून द्यायची. शेजारी पुदिना, अळू, एखादं गंगाफळ. वेल निंबाच्या वाळक्या फांद्यांवर चढायचा. ते पाणी कुणी त्या भाजीला म्हणून दिलेलं नसायचं, ते गळायचं. विहीर तीन घरांत होती, भावकीतली, आणि पाळ्या ठरलेल्या. शेतीची लाइट रात्री यायची, म्हणजे पुरुषमाणसं बॅटरी घेऊन रात्री मोटर चालू करायला जायची. चैत्र लागला की विहीर तासाभरात तळाला जायची आणि मग पाळीवरून बोलाचाली व्हायच्या. "तुम्ही पंधरा मिनिटं जास्त चालवली," यावर आमच्या आजोबांचं आणि त्यांच्या चुलतभावाचं एक अख्खं वर्ष बोलणं बंद होतं.

त्या वर्षी काय किंवा बोलणं चालू असलेल्या वर्षी काय, उन्हाळ्याची पहिली गिलकी थोरल्या घरी, म्हणजे त्याच चुलतभावाकडे, जायची. आजी ती पदराखाली घेऊन जायची, काही न बोलता ओट्यावर ठेवायची, तिथली थोरली आजी "बस ना वं" म्हणायची, ही बसायची नाही. मला हे आठवतं, कारण परत येताना मी तिच्या मागे भुणभुण करायचे की आपल्या घरी भजी कधी. तेव्हा मला वाटायचं आजी भोळी आहे. पुरुष भांडतात आणि ही भाजी पोचवते. पुढे कॉलेजात गेल्यावर वाटलं, ही घाबरते.

आंब्याचे कायदे वेगळे होते आणि आम्हा पोरांना ते जास्त कळायचे. बांधावरचं झाड गावरान, साल जाड, रस आंबटगोड, कोयीला केस. पडलेला आंबा ज्याला सापडेल त्याचा. उतरवलेल्या आंब्याचे मात्र घराघराला वाटे. म्हणून वैशाखात रात्री वारा सुटला की आम्ही खाटेवर जागे असायचो. आधी फांद्यांचा आवाज, मग पाचोळ्यात एक धप्प, मग दुसरं. पहाटे सगळ्यांच्या आधी पोचलेल्याचा दिवस सोन्याचा. झाडावरचा पहिला पाडाचा आंबा असाच कुणाला तरी सापडायचा, एका बाजूनं राघूनं टोचलेला, देठाशी चिकानं काळा पडलेला, आणि तो सापडणाऱ्यानं तिथेच बांधावर उभ्यानं चोखून संपवायचा. त्याला ना देव आडवा येई ना भावकी. आजीलाही तो नियम मान्य होता. तिचं सगळं सोवळं माणसानं हातानं तोडलेल्या फळाशी होतं, वाऱ्यानं पाडलेल्याशी नाही.

आखाजीचं, म्हणजे अक्षय्य तृतीयेचं, मात्र या झाडाशी कधीच जमलं नाही. खान्देशात आखाजीआधी घरात आंब्याचा रस होत नाही. त्या दिवशी पितरांच्या नावानं घागर भरायची, तिच्यावर डांगर, म्हणजे खरबूज, ठेवायचं, शेजारी आंबे, सांजोऱ्या. चुलीत आगारी, म्हणजे नैवेद्याचा घास, टाकायची, मग जेवायचं. पण आखाजी चालते तिथीवर आणि आंबा उन्हावर. २०२३ साली ती २२ एप्रिलला आली, पुढच्या वर्षी एकदम १० मेला. झाडाला अधिक महिन्याशी काही घेणं नाही. आमच्या बांधावरचा आंबा पिकायला मे सरत यायचा, म्हणजे घागरीपाशी आपल्या झाडाची ठेवायची तर कैरीच. रसाचे आंबे बाजारातून, पाटीवर घासाघीस करून आणलेले. पितरांना घरची कैरी, आपल्याला विकतचा रस. आजोबा दरवर्षी यावर एकच विनोद करायचे आणि आजी दरवर्षी त्यांना गप्प करायची. माहेरी आलेल्या आत्या झोक्यावर बसून गाणी म्हणायच्या, त्यातही कैरीच झुलायची, पिकलेला आंबा नाही. घागरीवरचं डांगर मात्र खरोखर ताजं, नदीतलं. पावसाळ्यानंतर गिरणेचं पाणी ओसरलं की भोई मंडळी पात्रात वाड्या लावायची. वाळूत खड्डा, त्यात शेणखत, खालून नदीची ओल, कडेनं काट्यांचं कुंपण. फाल्गुन-चैत्रात बैलगाडीतून टरबुजं आणि डांगरं यायची, आणि डांगर आलं की घरभर तो गोडसर, किंचित उग्र वास भरून राहायचा. कापायचं नाही, फक्त वास घ्यायचा, आखाजीपर्यंत. गेल्या वेळी पुलावरून पाहिलं, तर पात्रात वाळू उपसून नेलेले खड्डे होते आणि खड्ड्यांत बाभळी. डांगर मिळतं अजून, पण ते ट्रकनं येतं आणि वास नावाला.

त्याच दिवशी सालदाराचं, म्हणजे वर्षाच्या बोलीवरच्या गड्याचं, सालही ठरायचं. आखाजीला जुनं संपायचं, नवं सुरू व्हायचं: वर्षाचे पैसे किती, धान्य किती, उचल किती. ओसरीवर आजोबा आणि सालदार, आत घागर. लहानपणी ह्या दोन गोष्टींचा मी कधी एकत्र विचार केला नव्हता. आखाजी म्हणजे झोका, मेंदी, रस, एवढंच. आता वाटतं, तो सगळाच दिवस देण्याघेण्याचा होता. मेलेल्यांचं पाणी, लेकींचं माहेर, सालदाराचं साल.

त्या रात्री जेवताना मी आईला विचारलंच. म्हटलं, त्यांना आवडत नाही माहीत असताना कशाला दिलंस? तिनं ताटातली भाकरी मोडत सांगितलं, "आवडीसाठी देते का कुणी? त्यांच्या घरात पाणी उतरतंय ना आपलं." मग थोड्या वेळानं, "आजी तुझी थोरल्या घरी काय प्रेमानं नेत होती? थारोळ्यातलं गळकं पाणी. त्यांच्या पाळीतही तेच गळायचं. खायचं आपण एकट्यानं?" आणि मग ती कढीत मीठ कमी आहे म्हणाली. विषय संपला.

म्हणजे ते भोळेपण नव्हतं आणि भीतीही नव्हती. तो वाटा होता. मला हे आवडलंही आणि थोडं खुपलंही. आवडलं, कारण एप्रिलमध्ये आमच्या सोसायटीत टँकर येतात, एका दिवसाआड, आणि मागे येणाऱ्या टँकरचा तो बीप-बीप आवाज ऐकू येत असताना मी तांदूळ-डाळ धुतलेलं पाणी आणि आरओचं फेकायचं पाणी बादलीत जमवून वेलाला घालत असते, आणि ते पुरलं नाही की गुपचूप नळाचंही घालते. टँकरची वर्गणी सगळ्यांची सारखी असते. तेव्हा त्या गिलक्यात आमच्या पाचव्या मजल्याचं पाणी किती आणि इतरांचं किती, हा प्रश्न अगदीच फालतू नाही. खुपलं, कारण आजीच्या हिशेबात थोरलं घर होतं, पण त्या वेलाला रोज दांडाची माती ओढून आळं करणारी सालदाराची बायको होती का? मला आठवतं तेवढ्यात तिला गिलकी मिळायची ती सुगीच्या मध्यावर, टोपलीभर निघायला लागली की, तीही जरा जून झालेली. पहिलं मानाचं, मधलं घरचं, शेवटचं तिचं. विहिरीत जिचा वाटा तिलाच भाजीत वाटा. हे आईला विचारलं नाही. तिनं उत्तर दिलं असतं, आणि ते मला पटलं असतं की नाही, सांगता येत नाही.

एक गोष्ट मात्र आजी कुणालाच द्यायची नाही. मधल्या बहरातलं एक सरळ, भरलेलं गिलकं ती हेरायची आणि त्याच्या देठाला लाल चिंधी बांधायची. चिंधी दिसली की पोरांनी हात लावायचा नाही. ते वेलावरच पिवळं, मग तपकिरी व्हायचं, हलवलं की खुळखुळायचं, आणि ज्येष्ठात सोलून त्यातलं बी राखेत जायचं. उरलेली जाळी न्हाणीघरात अंग घासायला. पुण्यात त्याला लूफा म्हणून भलता भाव आहे. पाठीला ते पहिले दोन दिवस चांगलंच बोचायचं.

आई आठवड्यानं गावी परतली. जाईपर्यंत बोटाएवढी राहिलेली ती गिलकी मोठी झाली होती आणि भजी झाली, तिनंच केली, बेसनात ओवा चोळून, कांद्याशिवाय. गोल कापा पाडताना विळीखालून जो ओला हिरवा वास येतो तो मंडईतल्या गिलक्याला येत नाही, हे मी शपथेवर सांगेन. पण मऊ, किंचित गोड, आत विरघळून जाणारी ती चव तशी नेहमीचीच होती. पहिल्याची चव काही वेगळी असती का? नसती. तरी ते मला खायचं होतं.

मेच्या पहिल्या रविवारी खालच्या ताई वर आल्या, सोसायटीनं पाठवलेल्या माणसाला घेऊन. तो गुडघ्यावर बसून फरशीच्या सांध्यांवर टकटक करत होता आणि त्या मांडवाखाली उभ्या होत्या, डोक्याला वेल लागू नये म्हणून मान किंचित वाकवून. बेडरूमच्या कोपऱ्यावर नेमका गिलक्याचाच टब येतो, असं निघालं. तो हलवायचा तर वेल तोडावा लागेल, कारण त्यानं मांडव, पाइप आणि कपड्यांची दोरी सगळंच धरलंय. मी म्हटलं, मिरग लागेपर्यंत राहू दे, मग काढते. त्या काही बोलल्या नाहीत. त्यांनी वर बघितलं, पानं बाजूला केली आणि म्हणाल्या, "ती दोन आजच काढा. उद्या जाळी धरेल त्यांना." ज्यांच्याकडे कुणी खात नाही, त्यांना बघितल्याबरोबर कळलं. मी कात्री आणली. एक त्यांना दिलं, एक मी ठेवलं. पहिल्याचं काय झालं ते मी विचारलं नाही, त्यांनीही सांगितलं नाही. माणूस म्हणाला, फरशी उखडावी लागेल. खर्च कुणी किती करायचा, ते पुढच्या सभेत ठरायचंय.